हवेसाठी दार

लांबड्या ओळीतल्या माणसांना घरात एकाएकी गुदमरायला लागलं ते नव्या शाळेचा नियम जाहीर झाला त्या आठवड्यात.

तोवर तिथे कुणी गुदमरल्याचं ऐकिवात नव्हतं. ओळ म्हणजे एकाला एक चिकटलेली घरं आणि सगळ्यांची मिळून एकच लांबच लांब मागची भिंत. दारं सगळी कालव्याकडे. मागच्या भिंतीला, म्हणजे रस्त्याच्या अंगाला, वर एकेक झरोका सोडला तर काही नाही. ओळीचं एक टोक उघडं, दुसरं टोक लाकडाच्या वखारीने बंद केलेलं. आणि नवी माध्यमिक शाळा उभी राहिली ती नेमकी त्या बंद टोकाच्या मागे, रस्त्यापलीकडे. वखारीला लागून राहणाऱ्याला शाळेची घंटा उशाशी ऐकू येणार, पण शाळेत जायचं तर त्याने आधी कालव्याच्या कडेने सगळी ओळ तुडवत उघड्या टोकाला यायचं, वळसा घालायचा, आणि मागच्या रस्त्याने पुन्हा तेवढंच उलट जायचं. ज्याने कुणी ही ओळ बांधली, त्याच्या डोक्यात त्या दिवशी शाळा नसावी.

गवंडी राहायचा उघड्या टोकाला, पहिल्याच घरात. त्यामुळे ओळीत शाळेला सगळ्यांत जवळ तोच. त्यात त्याचं कर्तृत्व काही नव्हतं, पण नियम जाहीर झाला त्या दिवशी तो असा काही ताठ मानेने घरी आला, की जणू ते घर तिथे त्यानेच उचलून ठेवलं होतं.

नियम केला होता मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे नव्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेत अजून बाकं आली नव्हती, फळे टांगले नव्हते, पण बाई आल्या होत्या आणि त्यांचा आवाज मधल्या सुट्टीच्या गोंगाटावरही चालेल असा होता. जागा थोड्या आणि मुलं फार, तेव्हा कुणाला घ्यायचं यावर समितीत बराच खल झाला. एक जण म्हणाला परीक्षा घ्या. बाई म्हणाल्या, मग शिकवण्या लावणाऱ्यांचीच मुलं येतील. दुसरा म्हणाला देणगी घ्या. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिसरा म्हणाला, निदान चांगल्या घरातली मुलं तरी आधी घ्या. "चांगलं घर कसं ओळखायचं? पडद्यांवरून?" बाईंनी विचारलं.

शेवटी ठरलं ते असं: ज्याचं घर जवळ, त्याचा नंबर आधी. घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत, पायवाटेने, मोजायचं चाक फिरवून. "अंतराला वशिला लागत नाही," असं बाई सभेत म्हणाल्या तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवताच जो तो मनातल्या मनात आपल्या दारापासून चालायला लागला होता.

शाळेमागच्या टेकडीवर राहणाऱ्यांचा रस्ता सरळ उतरणारा, तेव्हा त्यांची मुलं आधी बसणार हे उघड होतं. त्यांच्यानंतर लांबड्या ओळीच्या वाट्याला सात जागा उरतील, असं शाळेच्या कारकुनाने सांगितलं. ओळीत आठवीला जाणारी मुलं डझनभर. उघड्या टोकाकडून मोजत गेलं की गवंड्याची धाकटी पहिली. ती तर त्या दिवसापासून चालायचीसुद्धा गणवेश घातल्यासारखी.

गवंड्याला मुली दोन. धाकटी बडबडी, अभ्यासात बरी, भांडणात अव्वल. थोरली तिच्याहून दोन वर्षांनी मोठी आणि दहा वर्षांनी शांत. थोरली सातवीनंतर लांबच्या शाळेत बसने जायची. सकाळी प्रश्न नव्हता, पण संध्याकाळची बस यायची ती अंधार पडता पडता, आणि स्टॉपपासून घरापर्यंत कालव्याची निर्मनुष्य वाट. एकदा तिथे उभ्या असलेल्या टोळक्याने तिला काही तरी ओरडून म्हटलं. तिने घरी येऊन सांगितलं. "उद्यापासून नको जाऊस," गवंडी म्हणाला होता. झालं, शाळा सुटली. तेव्हापासून ती बापाबरोबर कामावर यायची. माल कालवायची, विटा हातात द्यायची, ओळंब्याची दोरी धरायची. माप घेण्यात तर तिचा हात बापापेक्षा पक्का. गवंडी चारचौघांत म्हणायचा, "माझा उजवा हात आहे ती." आणि ती शेजारीच उभी असली तर खाली बघायची.

तर पहिला गुदमरला कंडक्टर. वखारीला लागून त्याचं घर. सकाळी सकाळी गवंड्याकडे येऊन, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने हळूच विषय काढला.

"मिस्त्री, घरात हवा म्हणून येत नाही हो. मागच्या भिंतीला एखादं दार पाडता येईल का?"

"खिडकी पाडू की. हवेला खिडकी पुरते."

"नाही नाही. दारच बरं. चांगलं माणूस जाईल एवढं."

गवंड्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. भिंत जुनी, सलग, सगळ्या ओळीचा भार तिच्यावर. बेतानं फोडायला हवी. त्याने आधी वर आडवी तुळई बसवली, मग खालून एकेक वीट काढली, जुन्या सामानाच्या बाजारातून चौकट आणली, बाजूने गिलावा करून त्याला जुन्या भिंतीचा रंग असा जुळवला की बघणाऱ्याला वाटावं दार आजोबांच्या काळापासून तिथेच आहे. कंडक्टर खूश. पुढच्या आठवड्यात त्याचा शेजारी गुदमरला. मग त्याचा शेजारी.

तिसऱ्या दाराच्या वेळी थोरली टेपचं टोक धरून उभी होती. तिने भिंतीकडे पाहिलं, रस्त्यापलीकडच्या फाटकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, या घरातला मुलगा यंदा सातवी झालाय ना?"

"हो. मग?"

"पहिल्या दोन घरांतलेही."

गवंड्याचा हातोडा हवेतच राहिला. मग त्याने वळून फाटकाकडे पाहिलं. दारातून पाय बाहेर टाकला की रस्ता, रस्ता ओलांडला की शाळा. ज्यांची मुलं काल ओळीत शेवटची होती, ती आज पहिली झाली होती. आणि धाकटी, जी पहिली होती, ती चौथी. स्वतःच्या हाताने, ओळंबा लावून, त्याने तिला चौथी केली होती.

त्याचं स्वतःचं घर तर टोकाचं. त्याने मागून दार पाडलं काय आणि न पाडलं काय, चार पावलांचा फरक.

घरी कळल्यावर बायकोने जे तोंड सोडलं ते थांबेना. "जगाची दारं करत फिरा, आणि स्वतःच्या पोरीचं दार लावून घ्या! नाही म्हणता येत नाही तुम्हाला? जीभ गहाण टाकलीय?"

"अगं, त्यांना काय सांगून नाही म्हणू? तुझा मुलगा माझ्या मुलीच्या पुढे जातोय, म्हणून?"

"हो! असंच म्हणायचं!"

"आणि मी नाही म्हटलं तर बाजारातून कुणालाही आणतील. तो घालेल घाव भिंतीच्या मध्यावर, आणि आख्खी ओळ बसेल खाली. मग शाळा राहील उभी, पोरं राहतील ढिगाऱ्यात."

हे खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं, आणि ते त्याचं त्याला ठाऊक होतं. खरं असं होतं, की त्याला त्या लोकांचा राग येत नव्हता. यायला हवा होता. त्याने दोन-तीनदा आणायचा प्रयत्नही केला. पण समोरचा माणूस मान खाली घालून "हवा येत नाही हो" म्हणायला लागला, की गवंड्याला त्याचा राग येण्याऐवजी दयाच यायची. पोरासाठी भिंत फोडायला निघालेल्या माणसावर कसं चिडायचं?

चौथं दार झालं, पाचवं झालं, सहावं झालं. ओळीत आता चांगलाच वारा खेळत होता. धाकटीचा नंबर आता सातवा, म्हणजे शेवटचा, पण आत. बायकोने निक्षून सांगितलं, "आता बास. आता कुणी मेलं गुदमरून तरी हातोडा उचलायचा नाही." गवंड्याने मान डोलावली.

आणि त्याच दुपारी इस्त्रीवाली आली.

इस्त्रीवाली विधवा. ओळीच्या मध्यावर तिचं घर, तिथेच तिचं इस्त्रीचं टेबल. तिची मुलगी आणि गवंड्याची धाकटी जिवाभावाच्या मैत्रिणी, म्हणजे दिवसातून दोनदा भांडायच्या आणि तीनदा समेट करायच्या. इस्त्रीवाली दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"भाऊ, मला दार पाडून हवंय."

"हवेसाठी?" बायकोने आतून खवचटपणे विचारलं.

"हवेचं काय करू? दिवसभर निखाऱ्यापाशी उभी असते मी," इस्त्रीवाली म्हणाली. "मला पोरीला शाळेत घालायचंय. बसच्या शाळेत मी तिला पाठवू शकत नाही, संध्याकाळी कपडे पोचवायला जावं लागतं. आणि मला कळतंय भाऊ, माझं दार झालं की तुमच्या धाकटीचा नंबर जातो. सगळ्या ओळीला कळतंय. कुणी बोलत नाही, एवढंच. तुम्ही नाही म्हणालात तर मी मुळीच राग धरणार नाही."

इतक्या दिवसांत ओळीतलं हे पहिलं खरं वाक्य. बायको काही तरी म्हणायला पुढे आली होती, ती तिथेच थांबली. गवंड्याने खुंटीवरची थापी काढली.

ते दार त्याने सगळ्यांत जास्त जीव लावून केलं. चौकटीला रंधा मारला, कोपरे साबणासारखे गुळगुळीत केले. बायको त्याच्याशी बोलत नव्हती, धाकटी रडून रडून झोपत होती, आणि थोरली नेहमीसारखी विटा हातात देत होती. एकदाच तिने विचारलं, "बाबा, अर्ज कुणीही भरू शकतं का हो?"

"आता कुणी उरलंय का ओळीत भरायचं?" गवंडी म्हणाला आणि पातळी बघायला लागला.

मोजायचा दिवस आला. मोठ्या बाई स्वतः चाक घेऊन आल्या, मागे कारकून. त्या टेकडी मोजून आल्या होत्या आणि येताना टेकडीवरच्यांची तक्रारही घेऊन आल्या होत्या, की लांबड्या ओळीत रातोरात दारं उगवलीत. मागच्या रस्त्यावर उभं राहून बाईंनी भिंत निरखली. सात दारं. सातही जुनाट, रंग उडालेली, जशी काय जन्मापासून तिथे. प्रत्येक दारात त्या त्या घरची माणसं उभी, चेहरे असे की ताकास तूर लागू द्यायची नाही.

"ही सगळी जुनी दारं आहेत?" बाईंनी विचारलं.

"हवेसाठी आहेत बाई," कंडक्टर म्हणाला.

बाईंनी एका चौकटीला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं. काही लागलं नाही. गवंड्याचं काम होतं ते. मग त्यांनी कारकुनाच्या कानात काही विचारलं, कारकुनाने टोकाच्या घराकडे हात केला, आणि बाई सरळ गवंड्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मागोमाग सगळी ओळ.

"मिस्त्री, यातली कुठली दारं नवी आणि कुठली जुनी, ते तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. तुम्ही बोट दाखवा, मी त्या घरांचं जुन्या दारापासून मोजते. आणि मला असंही कळलंय, की तसं मोजलं तर तुमच्या मुलीचा नंबर पहिला लागतो. तेव्हा तुमचं नुकसान काहीच नाही."

बायको गवंड्याकडे टक लावून बघत होती. बोल, बोल, असं तिचा सगळा चेहरा म्हणत होता. धाकटीने आईचा हात घट्ट धरला होता. कंडक्टरची मान खाली गेली. इस्त्रीवाली एकटीच सरळ गवंड्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. सांगितलंस तरी चालेल, असंच काही तरी होतं. तेच त्याला सोसवेना.

"बाई, मला नाही सांगता यायचं," गवंडी म्हणाला.

"सांगता यायचं नाही, की सांगायचं नाही?"

गवंड्याला खोटं बोलायला जमत नसे. "सांगायचं नाही," तो म्हणाला.

बायकोने कपाळावर हात मारला. तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

बाई संतापल्या. चांगल्याच संतापल्या. त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या. पण मग त्यांनी पुन्हा एकदा त्या सात दारांकडे पाहिलं, दारांतल्या माणसांकडे पाहिलं, आणि त्यांचे खांदे जरा खाली आले. "चूक माझीच आहे," त्या म्हणाल्या. "मी दारापासून मोजायचं म्हटलं. मला काय माहीत, लोक दारच उचलून नेतील. आता ऐका. या ओळीचं दार एकच, ते उघडं टोक. सगळ्यांचं अंतर तिथून, सगळ्यांना सारखं. सात जागा आहेत, चिठ्ठ्या टाकू. ज्याची निघेल त्याची."

"चिठ्ठी कुणाची टाकणार?" मागून एक आवाज आला. थोरली होती, हातात माल कालवायचं फावडं.

"ओळीत राहणारं, सातवी झालेलं आणि शाळेत न जाणारं कुठलंही मूल. अर्ज मात्र आठवड्याच्या आत हवा," बाई म्हणाल्या आणि चाक घेऊन निघून गेल्या. दोन्ही वाक्यं गवंड्याने ऐकली. पण त्याच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट घुमत होती. धाकटीची हातातली जागा त्याने चिठ्ठीवर लावली होती.

चिठ्ठ्या काढायच्या दिवशी शाळेच्या सभागृहात ओल्या रंगाचा वास भरून राहिला होता. बाकं अजूनही आली नव्हती, म्हणून सगळे जमिनीवर बसले. टेकू नका असं ज्याला त्याला सांगूनही जो तो भिंतीला टेकला आणि पाठीवर पांढरा पट्टा घेऊन उठला. बाईंनी मातीचं एक मडकं टेबलावर ठेवलं आणि टेकडीवरच्या कुणाच्या तरी चिमुरडीला चिठ्ठ्या काढायला उभं केलं.

पहिली चिठ्ठी वखारीकडच्या एका मुलाची निघाली. दुसरी कुणाची, तिसरी कुणाची. चौथी निघाली इस्त्रीवालीच्या मुलीची. इस्त्रीवालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या बोटांवर जुन्या भाजल्याचे डाग होते. गवंड्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि लगेच त्याने उरलेल्या जागा बोटांवर मोजल्या. आता तीनच उरल्या होत्या. पाचवी कंडक्टरच्या शेजाऱ्याच्या मुलाची.

सहावी चिठ्ठी उघडून बाईंनी आधी गवंड्याचं आडनाव वाचलं. पुढचं ऐकायला गवंडी थांबलाच नाही. तो ताडकन उभा राहिला, बायको त्याच्याआधी. धाकटी किंचाळली. मग ती एकदम गप्प झाली, कारण बाईंनी वाचलेलं नाव तिचं नव्हतं.

"बाई, जरा चूक झालीय," गवंडी हसत म्हणाला. "हे थोरलीचं नाव वाचलंत तुम्ही. अर्ज धाकटीचा आहे."

"चूक नाही मिस्त्री. तुमच्या घरून दोन अर्ज आलेत. एक तुम्ही दिलात. दुसरा हिने स्वतः आणून दिला."

गवंडी वळला. थोरली शेवटच्या रांगेत बसली होती, कामावरच्याच कपड्यांत. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं आणि ती स्वतःच्या हातांकडे.

"मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं. रागावून नाही, बावचळून.

"तुम्ही विचारलं नाहीत बाबा."

सातवी चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची तरी निघाली. कंडक्टरचा मुलगाही राहिला, धाकटीही राहिली.

घरी आल्यावर धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली. बायको भांडी घासत नव्हती, आपटत होती. गवंडी उंबऱ्याशी बसून राहिला. थोरलीने सगळ्यांना चहा दिला, स्वतःचा कप घेऊन बसली आणि फार साधेपणाने म्हणाली, "मी नाही जात. उद्या बाईंना जाऊन सांगते, माझी जागा हिला द्या म्हणून. हिचं वर्ष वाया जाणार नाही. मला काय, सवय झालीय."

भांड्यांचा आवाज थांबला. "बाई ऐकतील का तसं?" बायकोने विचारलं. तिच्या आवाजात आशा होती, आणि ती लपवायचंही तिला सुचलं नाही. धाकटीने कूस बदलली.

सवय झालीय. गवंडी त्या शब्दांपाशी अडकून राहिला. ओळीतल्या कुणाच्या पोराला मागे ढकलायला त्याची जीभ रेटली नव्हती. सगळ्या गल्लीसमोर, शाळेच्या बाईंसमोर तो छाती काढून गप्प राहिला होता, आणि त्याबद्दल मनातल्या मनात त्याला स्वतःचा अभिमानही वाटत होता. पण स्वतःच्या थोरलीला त्याने "उद्यापासून नको जाऊस" एवढ्या एका वाक्यात मागे ढकललं होतं, आणि ते बोलताना हातातली थापीसुद्धा खाली ठेवली नव्हती. तिच्यासाठी भिंत फोडायचं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. उलट विटा द्यायला तिलाच उभं केलं होतं.

"कुणाला काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "जागा तुझी आहे. तूच जायचंस."

"आणि हिचं काय?" बायको म्हणाली.

"ही बसने जाईल. लांबच्या शाळेत."

"आणि संध्याकाळी? त्या अंधारात, कालव्यावरून? एकीचं झालं ते कमी झालं का?"

"स्टॉपवर मी जाऊन उभा राहीन. रोज."

बोलल्यावर त्याला हलकं वाटलं. बायकोचाही चेहरा निवळला. धाकटी उठून बसली आणि बसमध्ये खिडकीची जागा मिळते का, असं तिने नाक पुसत विचारलं. तिला उत्तर द्यायला गवंडी वळला, तेवढ्यात थोरली बोलली. ती नखांत अडकलेला चुना काढत होती आणि तिने मान वर केली नाही.

"तेव्हाही तो स्टॉप तिथेच होता, बाबा."

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर गवंड्याला काही तरी उत्तर देता आलं असतं. काम होतं, भिंत अर्धी होती, मला वाटलं तुझ्याच भल्याचं आहे, असं पुष्कळ काही त्याच्या तोंडाशी आलं. ते सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच सांगण्यासारखं नव्हतं.

"होता," तो म्हणाला. "मीच आलो नाही."

थोरलीने मान हलवली आणि रिकामे कप उचलले.

शाळा सुरू झाली त्या सकाळी इस्त्रीवालीने आपलं मागचं दार सताड उघडं ठेवलं, आणि थोरली त्या दारातून, इस्त्रीवालीच्या मुलीचा हात धरून, वळसा न घालता शाळेत गेली. त्या संध्याकाळी गवंड्याने आयुष्यात पहिल्यांदा कालवलेला माल तसाच टाकला. अंगावर सिमेंट, खांद्यावर थैली, असा तो बसच्या किती तरी आधी स्टॉपवर जाऊन उभा राहिला. उजेड उतरायला लागला होता. कालव्याच्या वाटेवरून कुणी तरी येताना दिसलं. थोरली होती, नव्या गणवेशात. येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"तू कशाला आलीस? तुझी शाळा तर जवळच आहे."

"बघायला."

"काय बघायला?"

"तुम्ही येता का ते," थोरली म्हणाली.

वळणावर बसचे दिवे दिसले. दोघं एक पाऊल मागे सरून उभी राहिली.